स्टोरीला व्हाउचर नसतं

ताई, नमस्कार.

मी पंचवीस वर्षांची आहे. घर सोलापूरला, पण गेली चार वर्षं पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर राहते. सीए फायनलचा पहिला ग्रुप निघालाय, दुसरा तीन वेळा गेला. या खेपेला ४८, ४४ आणि ५१ पडले. प्रत्येक पेपरात चाळीस हवेत, ते आहेत. तिन्ही मिळून दीडशे हवेत, ते १४३ आहेत. सात मार्क, ताई.

अकरावीपासून आम्ही चौघी एकत्र. त्यातली एक, तिला इथं 'म' म्हणते, याच निकालात सीए झाली. त्याच रात्री तिचं रील आलं. ती वडिलांपुढं मोबाइल धरते, काका चष्मा शोधत बसतात, तोवर काकू निरांजन घेऊन येतात आणि सगळे रडतात. मी लगेच हार्ट टाकलं, 'प्राउड ऑफ यू' लिहिलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. रूममेटना ऐकू जाऊ नये म्हणून नळ.

दुसऱ्या दिवशी तिला म्यूट केलं. इथवर ठीक होतं. पण चार दिवसांनी मी एक खोटं अकाउंट उघडलं. डीपीला जास्वंदीचं फूल, नाव भलतंच. तिचं अकाउंट पब्लिक आहे, त्यामुळे या अकाउंटवरून तिच्या स्टोऱ्या बघता येतात आणि माझं नाव तिला दिसत नाही. आता रोज रात्री बघते. मुंबईतलं ऑफिस, गळ्यातलं आयकार्ड, काचेतून दिसणारा पाऊस, कॉफी. बाकीच्या दोघींपैकी एक जर्मनीत एमएस करतेय, दुसरीचा साखरपुडा झाला. माझ्याकडं मेसचा डबा आणि इनडायरेक्ट टॅक्स.

पप्पा सुताच्या पेढीवर दिवाणजी आहेत, तीस वर्षं. ते मला काहीच बोलत नाहीत. पण आमच्या चौकात 'म'च्या अभिनंदनाचं डिजिटल, म्हणजे फ्लेक्स, लागलंय आणि कामावर जाताना पप्पा रोज त्याच्याखालून जातात. हे मला सगळ्यात जास्त लागतं. झोप दोन-तीनशिवाय येत नाही. कधी कधी वाटतं, सकाळी जाग आलीच नाही तर बरं. असो.

मी जळकी आहे का? इन्स्टा डिलीट करू का? आणि पुढच्या रविवारी 'म'च्या घरी सत्यनारायण आणि जेवण आहे, तिनं स्वतः फोन करून बोलावलंय. जाऊ का?

– अर्धी सीए

*

अर्ध्या सीएबाई,

तुझ्या पत्रात एक वाक्य तू घाईघाईनं लिहिलंस आणि 'असो' म्हणून पुढं सरकलीस. मी आधी तिथंच थांबते. 'सकाळी जाग आलीच नाही तर बरं' हे दमलेल्या माणसाचं वाक्य असतं, मला ठाऊक आहे. पण ते एकटीनं उशीखाली ठेवण्यातलं नाही. आज, म्हणजे हे वाचून झाल्यावर, एका माणसाला ते जसंच्या तसं सांग. रूममेट चालेल. मोठी बहीण असेल तर ती. कुणालाच सांगवत नसेल तर १४४१६ लाव. सरकारची टेली-मानस नावाची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, रात्रंदिवस, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. नंबर आत्ताच फोनमध्ये घालून ठेव. आणि हा विचार 'जाग आली नाही तर' इथून 'काय करावं' इकडं सरकायला लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. कुणाला तरी सोबत घेऊन जवळचं हॉस्पिटल गाठायचं. निकालबिकाल सगळं त्याच्यानंतर.

आता बाकीचं.

जळकी आहेस का? हो, थोडी आहेस. त्यात लाजण्यासारखं काय आहे ते मला कळलेलं नाही. मुंबईत कुणा उद्योगपतीच्या घरी शेकडो कोटींचं लग्न झालं, ते तूही पाहिलं असशील. त्या रात्री नळ सोडून रडलीस का? नाही ना. लिऑन फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५४ सालीच हे मांडून ठेवलंय की माणूस आपलं मोजमाप आपल्यासारख्याच माणसांशी करतो. जितकं साम्य जास्त, तितकं माप जास्त टोचतं. 'म' आणि तू एकाच बाकावरच्या. शहर तेच, चौकही तोच. तिचं यश तुला टोचलं कारण ती तुझ्या इतकी जवळची आहे. परक्या मुलीचं रील तू अंगठ्यानं वर ढकललं असतंस.

तेव्हा तुलना करू नकोस असं मी सांगणार नाही. असं सांगणारी माणसं स्वतः भिशीत कुणाच्या हातात कितीच्या पाटल्या आहेत ते मोजत असतात. आमच्या वेळेलाही तुलना होतीच. बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची आणि दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर आईवडील पेढा भरवतानाचा फोटो यायचा. तो फोटो आमच्या घरी नाश्त्याच्या टेबलावर मुद्दाम वर करून ठेवलेला असे. पण तो वर्षातून एक दिवस. पुढं त्याच कागदावर भजी निथळायची. नंतर बोर्डानं यादीच बंद केली. तुझ्या हातात मात्र गुणवत्ता यादी रोज रात्री लागते.

आणखी एक फरक आहे, आणि माझ्या मते खरा फरक तोच. मी बी.कॉम. झाले त्या वर्षी माझी एक मैत्रीण बँकेत लागली आणि मुंबईला गेली. मी गावीच, शिकवण्या घेत. तिची निळी इनलँड पत्रं यायची. आतल्या भागात सगळं झकास: ऑफिस किती मोठं, कॅन्टीनला काय मिळतं, पहिल्या पगारात आईला कुठली साडी घेतली. वाचून माझं तोंड कडू व्हायचं. मग पत्राची जी दुमडायची पट्टी असते ना, चिकटवायच्या जागेजवळची, तिथं बारीक अक्षरात आडवं काहीतरी लिहिलेलं असे. एकदा तिथं होतं: 'परवा लोकलच्या गर्दीत एक चप्पल गेली. अनवाणी ऑफिसला गेले. दिवसभर पाय टेबलाखाली घेऊन बसले. आईला सांगू नकोस.' मधल्या पानांवर मी जळायचे आणि त्या पट्टीपाशी आले की मला ती इतकी आपली वाटायची की काय सांगू.

स्टोरीला ती पट्टी नसते. सोय म्हणून एवढाच दोष आहे तिच्यात. 'म'नं काही खोटं केलेलं नाही. काकांचा चष्मा खरोखरच सापडत नव्हता आणि काकू खरोखरच रडल्या. पण ते पंधरा सेकंद आहेत. ते बघून तू तिची पाच-सहा वर्षं लिहून काढलीस.

आणि हे करणारी तू कोण, तर ऑडिट शिकलेली मुलगी! म्हणून मला तुझा जरा रागही आला. आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे फर्ममधल्या उमेदवारीत, तू कुठल्या ना कुठल्या क्लायंटकडं व्हाउचिंग केलं असशीलच, एकेक नोंद तिच्या पावतीशी, म्हणजे व्हाउचरशी, ताडून बघितली असशील. प्रत्येक फर्मला असा एक क्लायंट असतो, जो तुम्ही जायच्या आधीच एक देखणी फाइल काढून ठेवतो. 'मॅडम, ही बिलं बघा, बाकी सगळं सेमच आहे.' वर चहा मागवतो. तू त्या फाइलवर सही केली असतीस का? नमुना निवडीचं ऑडिटचं मानक, एसए ५३०, तू घोकलेलं आहेस: ज्या ढिगातून नमुना काढायचा, त्यातल्या प्रत्येक नगाला निवडलं जाण्याची संधी पाहिजे. आता सांग, 'म'च्या आयुष्यातला तुझा नमुना निवडला कुणी? आधी तिनं. त्यातून पुन्हा इन्स्टाग्रामनं, कारण तू ज्याच्या स्टोऱ्या जास्त बघतेस त्याच्या तो पुढं आणून ठेवतो. रात्री दोनला ती ओरडणाऱ्या मॅनेजरचा मेल वाचत बसली असेल, त्या क्षणाला तुझ्या नमुन्यात यायची संधीच नव्हती. क्लायंटनं दिलेल्या फाइलवरून तू अहवाल लिहिलास, आणि तोही कुणावर, तर स्वतःवर. ॲडव्हर्स ओपिनियन, म्हणजे प्रतिकूल शेरा, देऊन मोकळी झालीस.

पप्पांना विचार, कीर्द आणि खतावणी जुळवताना एका बाजूनं कधी टोटल लागते का. 'म'ची तू फक्त जमेची बाजू वाचतेस आणि स्वतःची फक्त नावेची. मेसचा डबा नावे टाकलास. सात मार्क नावे. पहिला ग्रुप निघालाय, तो जमेला दिसतच नाही तुझ्या पत्रात. दुसऱ्याच ओळीत येतो आणि लगेच 'तीन वेळा गेला'च्या खाली दबतो.

आकड्याचंच बोलायचं तर एक आकडा सांगते, निकालाच्या प्रेसनोटमधला. नोव्हेंबर २०२४ च्या फायनलला दुसऱ्या ग्रुपला बसले होते ४९,४५९ जण. पास झाले १०,५६६. म्हणजे २१.३६ टक्के. उरलेले ३८,८९३. एका निकालाच्या एका संध्याकाळी जवळजवळ एकोणचाळीस हजार पोरंपोरी तुझ्यासारखी कुठं ना कुठं नळ सोडून किंवा न सोडता बसली होती. त्यांची रीलं किती पाहिलीस? पास झालेल्यांपैकी मात्र ज्यांनी टाकली, ती सगळी फिरत फिरत तुझ्यापर्यंत आली. त्या रात्री फोन बघून कुणालाही वाटेल की आपण सोडून सगळा देश सीए झाला.

हे नुसतं आमच्या पिढीचं कुरकुरणं नव्हे. फेसबुक २००४ साली हार्वर्डमध्ये निघालं आणि पुढची दोन वर्षं अमेरिकेतल्या एकेका कॉलेजात टप्प्याटप्प्यानं पोचलं. तीन अर्थशास्त्रज्ञांनी नेमका याचा फायदा घेतला: ज्या कॉलेजात ते आधी आलं आणि ज्यात नंतर आलं, तिथल्या मुलांच्या मानसिक आरोग्याच्या पाहण्या त्यांनी ताडून पाहिल्या. २०२२ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त ते छापून आलं. फेसबुक आल्यावर मुलांची अवस्था खालावली होती, आणि जास्त खालावली ती कुणाची, तर ज्यांना आधीच आपण इतरांपेक्षा कमी आहोत असं वाटण्यासारखं काही होतं त्यांची. कॅम्पसबाहेर खोली घेऊन राहणारी मुलंही त्यांत होती. कॉट बेसिस म्हटल्यावर मला तेच आठवलं. आणि हे तेव्हाचं फेसबुक, ज्यात ना रील होती ना स्टोरी.

तरी, सोशल मीडियानं सगळी तरुण पिढी बरबाद केली, असं जे सरसकट म्हटलं जातं ते मला पटत नाही. कुणाला त्याचा काही त्रास होत नाही, कुणाला आधारही मिळतो. प्रश्न तुझा आहे, आणि तुझ्या बाबतीत दुखणं नेमकं कुठं आहे ते तू स्वतःच लिहिलंयस. जास्वंदीचं फूल.

'आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून' ही म्हण आजी लोकांनी मोबाइल यायच्या आधी करून ठेवली, पण खोट्या अकाउंटचं इतकं चोख वर्णन मी दुसरं वाचलेलं नाही. तुला त्या अकाउंटची लाज वाटते, हे तुझ्या अक्षरातून कळतं. लाज वाटून घ्यायची तर 'म'ला फसवलंस म्हणून फार घेऊ नकोस, तिचं अकाउंट पब्लिक आहे, कुणीही बघतं. पण मैत्रीण म्हणून बघत होतीस तोवर तिला 'ऑफिस कुठल्या मजल्यावर गं?' असं विचारता येत होतं, आणि ती उत्तर द्यायची. जास्वंदीला काही विचारता येत नाही. नुसतं बघता येतं. प्रश्न विचारायची सोय नसलेलं बघणं रोज रात्री दोन वाजता केलं तर कुणाचंही डोकं फिरेल. ते अकाउंट आज बंद कर. नुसतं लॉगआउट नव्हे, कायमचं काढून टाक. चार दिवस हात वळवळेल, तो वळवळू दे.

मूळ अकाउंट डिलीट करायला मी सांगत नाही. तू ते मोठ्या आवेशात डिलीट करशील, तीन आठवड्यांनी पुन्हा उघडशील आणि मग 'माझ्याच्यानं एवढंही होत नाही' असं आणखी एक नावे टाकशील. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१८ साली १४३ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता. अर्ध्यांना सांगितलं, फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला दहा मिनिटं, तीन आठवडे. बाकीचे नेहमीसारखे. ज्यांनी वेळ आवळला त्यांचा एकटेपणा आणि उदासी दोन्ही कमी झाली. बंद करायला कुणालाच सांगितलं नव्हतं, हे लक्षात घे. दहा मिनिटं तू दुपारी जेवताना वापर, डब्याबरोबर. आणि रात्री फोन चार्जिंगला खोलीच्या दुसऱ्या टोकाला. गजर फोनमध्ये लावते ही सबब चालणार नाही, लक्ष्मी रोडला आजही साधं गजराचं घड्याळ मिळतं. ते टिकटिक करतं, त्याची सवय होते.

'म'ला म्यूट केलंस ते राहू दे. म्यूट करण्यात काही वाईट नाही. पूर्वी निकालानंतर पोरी आठ दिवस मामाकडं जाऊन राहायच्या, ते म्यूटच होतं.

एका गोष्टीबद्दल तू लिहिलं नाहीस, पण तू ती बघत असणार अशी माझी खात्री आहे, कारण माझ्या ओळखीतली सीएची सगळीच पोरं बघतात. 'चौदा तास अभ्यास माझ्यासोबत'वाली रीलं. टेबल, दिवा, स्टॉपवॉच, आणि चौदा तास पन्नास सेकंदांत पळवलेले. स्पर्धेपेक्षाही वाईट गोष्ट आहे ती. 'म'च्या स्टोरीत निदान एक माणूस आहे. हिच्यात फक्त घड्याळ आहे, आणि त्या घड्याळाशी तू तुझे सहा तास ताडून बघतेस. त्या चौदांपैकी किती तास पान उलटलं गेलं, हे कुणी तपासलंय? असली पानं दिसली की 'नॉट इंटरेस्टेड' दाबत जा. आठवडाभर नेमानं दाबलंस की बऱ्यापैकी हटतात.

तुलना करायचीच आहे ना? मग मी तुला एक तुलना देते. उत्तरपत्रिकांच्या प्रमाणित प्रती सीए इन्स्टिट्यूटकडून मागवता येतात. त्याला मुदत असते, आजच साइटवर बघ. तिन्ही मागव. आणि इन्स्टिट्यूटच 'सजेस्टेड आन्सर्स' काढते, ती शेजारी ठेव. ४४ वाला पेपर आधी उघड. सात मार्क कुठं सांडलेत ते तुला पहिल्या संध्याकाळी दिसायला लागेल: तरतूद लिहिली पण निष्कर्ष लिहिला नाही, कलम बरोबर पण शेवटचा प्रश्न वेळेअभावी अर्धा सुटला, असलंच काहीतरी. यातून मार्क वाढतील असा भरवसा मी देत नाही, पण कुठं काय चुकलं हे तरी कळतं. 'म'च्या ऑफिसच्या काचेतून दिसणाऱ्या पावसात तुझ्या सात मार्कांपैकी एकही सापडायचा नाही. आणि एकाही पेपरात साठ नाहीत म्हणजे एक्झेम्प्शन, त्या पेपरातून सूट, नाही, तेव्हा पुढच्या खेपेला एक पेपर साठच्या वर न्यायचा, कुठला ते या कागदांवरून ठरव. फायनल २०२५ पासून वर्षातून तीनदा होते. पूर्वी एक खेप गेली की सहा महिने थांबावं लागायचं. तीन संधी म्हणजे तीन निकालही, आणि निकालाच्या तीन रात्री, हेही खरं. त्या तीन रात्रींपुरतं एक ठरवून टाक: निकालाच्या आदल्या संध्याकाळपासून दोन दिवस इन्स्टा फोनवरून काढायचं. पास झालीस तरी. पास झाल्यावर तुझंही रील पाच दिवस उशिरा टाकलंस तर काही बिघडत नाही.

आता पप्पा. तुझ्या अख्ख्या पत्रातली मला सर्वांत खरी वाटलेली जागा म्हणजे तो चौक. पण तिथंही तू पुन्हा एक पावती न बघता नोंद केलीस. पप्पा त्या डिजिटलखालून जातात, हे तू पाहिलंस. त्यांना काय वाटतं, ते तू लिहिलंस आपल्या मनानं. ते बोलत नाहीत म्हणजे खंतावलेत, असं तू धरून चाललीस. तीस वर्षं पेढीवर बसलेला माणूस निम्मं आयुष्य न बोलताच काढतो, गं. मला तर वाटतं, तुला लागेल म्हणून ते बोलत नसतील आणि त्यांना लागेल म्हणून तू. अशानं दोघं मिळून एका फ्लेक्सला घाबरून आहात. एका दुपारी फोन करून सरळ विचार: 'पप्पा, 'म'चं डिजिटल बघून तुम्हाला काय वाटतं?' ते काय म्हणतील याचा अंदाज मी करणार नाही, तुलाही करू नकोस. पण एवढं त्यांना नक्की माहीत असणार की पाडव्याला नवी वही घातली म्हणून जुनी येणी कुणी सोडून देत नाही. बाकी पुढं ओढतात. त्यांनी ते तीस वेळा स्वतःच्या हातानं केलंय.

शिवाय सोलापूरच्या चौकातलं कुठलंही डिजिटल तीन आठवड्यांच्या वर टिकत नाही. कुणा ना कुणा दादांचा वाढदिवस येतोच.

राहिला रविवार. जायचं.

का जायचं, तर थेट विचारायला. बँकेतल्या शिल्लकेचं पत्र क्लायंटनं आणून दिलं तर चालत नाही, बँकेकडून थेट मागवायचं असतं, हे तुला मी कशाला सांगू, एसए ५०५. 'म' जिवंत आहे, तिनं स्वतः फोन केलाय, आणि तू जास्वंदीच्या आडून तिचा हिशेब तपासत बसली आहेस. मात्र एक सांभाळ. तिचं दुःख शोधायला जाऊ नकोस. 'बघू तरी, हिलाही काही त्रास आहे का' या आशेनं गेलीस तर ती सुखात दिसली की तुझा आणखी एक दिवस जाईल. ती खरंच सुखात असेल. चांगली नोकरी लागलेली, घरचे खूश, का नसावी? तुझं बरं चालायला तिचं वाईट चालायची गरज नाही. तिला पट्टीवर काही लिहायचं असेल तर ती लिहील. तिनं लिहायला तू समोर मात्र असायला हवीस.

शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं सोलापूरला जा, रात्री घरी पप्पांबरोबर जेव. सत्यनारायणाला रिकाम्या हातानं जाऊ नकोस, पण महागडी भेटवस्तूही नको, ती जळकेपणाची भरपाई वाटते, देणाऱ्यालाच. पावशेर पेढे पुरे. नातेवाईक विचारतीलच, 'तुझं काय झालं?' त्याचं उत्तर घरून पाठ करून जा, एका वाक्याचं: 'एक ग्रुप झालाय, दुसऱ्याला सात मार्क कमी पडले, पुढच्या खेपेला बसतेय.' एवढं बोलून समोरच्याला प्रसाद द्यायचा. तोंडात शिरा असला की पुढचा प्रश्न येत नाही, हा माझा अनुभव.

पंगत उठल्यावर 'म'ला गच्चीवर घेऊन जा. अकाउंटचं सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी तुझ्या जागी असते तर या रविवारी सांगितलं नसतं, तो दिवस तिचा आहे. पण रील बघून रडू आलं, हे सांगितलं असतं. मैत्रिणीला ते कळायला हवं, आणि बहुतेक तिला ते आधीच कळलेलं असणार. नाहीतर एवढ्या गडबडीत तिनं तुला वेगळा फोन कशाला केला असता?

फोटो निघतीलच. उभी राहा, मागच्या रांगेत तोंड लपवू नकोस. टॅग व्हायचं नसेल तर फोटो काढायच्या आधी सांग.

– तुझी ताई